सारसोळेचा जोमा, हालिमूसचा कुणीतरी

शाळा सुटली की मी मतदार यादी घेऊन निघते.
भाग क्रमांक, अनुक्रमांक, घर क्रमांक.
घर क्रमांकाच्या रकान्यात निम्म्या गावाला शून्य आहे.

सकाळी नववी ब-ला सांगितलं होतं
(पुस्तकात नाही, मीच आपलं सांगते):
ग्रीसमध्ये एक नगर होतं, त्याची एकशे एकोणचाळीस गावं.
मुलगा अठराचा झाला की त्याला गावापुढे उभं करत,
गाव शपथ घेऊन ठरवायचं, हा आपला.
मग नावाला गाव चिकटायचं,
तो शहरात गेला, बंदरावर धंदा काढला,
तरी नातवाच्या नातवाचंही गाव तेच.
अमका, तमक्याचा मुलगा, अमुक गावचा.
"म्हणजे आधार कार्ड, मॅडम," प्रणित भोईर म्हणाला.
सगळे हसले. मीही.

फळ्यावर गावं मांडली.
कोळसे पाडणाऱ्यांचं अखार्नाय, कुंभारांचं केरामेस,
अलोपेके, तिथल्या पाथरवटाचा मुलगा
माणसांना रस्त्यात अडवून प्रश्न विचारायचा.
समुद्र काढायला गेले
आणि सवयीने हातून ठाण्याची खाडी निघाली.

आता सारसोळे. सेक्टर सहा, जेट्टीची वाट.
जोमा पोशा मेहेर, वय एकोणसत्तर,
मागच्या यादीत आहे, या यादीत नाही.
शेरा: स्थलांतरित.
अक्षर पाहून घेतलं. माझं नव्हतं.
म्हणजे, बहुतेक नव्हतं.

"मी कवा गेलू?" तो म्हणाला,
"सेक्टर आला. मी हयच हाय."

वीजबिल मुलाच्या नावावर. घर गावठाणाच्या रेषेबाहेर,
रेष घरानंतर आली.
पिशवीतून मिठागराचा एक कागद निघाला,
घडीवर फाटलेला, नेमका नावावर.
अजून काही पुरावा?
"माजी आय सुकट इकायची ठान्याच्या बाजारान.
इचारा कोनालाबी."
कुणाला विचारू? बाजारही हलला.
मग त्याने हनुवटीने पामबीच रोड दाखवला:
"बापाला तय जाळला. त्या दिव्याच्या खाली."

तेव्हा मला तो आठवला, हालिमूस गावचा.
त्याचं नावही नक्की कुणी सांगत नाही.
यादीची छाननी होती त्या वर्षी, गावोगाव.
दिवसभर ठराव आणि शपथा, अंधार पडला,
म्हातारे आपापल्या वाटेने घरी निघाले,
उरले तीसेक जण,
तेव्हा याचं नाव पुकारलं.
माणसं तीस, मतांचे खडे निघाले साठाहून जास्त.
आई बाजारात फिती विकते, हा त्याच्यावरचा आरोप.
त्याने तो नाकारला नाही.
आत्येभाऊ उभे केले, चुलते उभे केले,
घराण्याची थडगी कुठे आहेत ते सांगितलं.
हरला असता तर गुलाम म्हणून विकला गेला असता.

हे सगळं मी जोमाला का सांगितलं, माहीत नाही.
फॉर्म भरता भरता बोलत गेले.
जाळं विणणाऱ्या दोन बायकांनी हात थांबवले.
"मंग? जितला का?"
ठाऊक नाही, म्हटलं. त्याचं बोलणं तेवढं राहिलं,
निकाल राहिला नाही.

जोमा थोडा वेळ खाडीकडे बघत बसला.
ओहोटी होती, होड्या चिखलात तिरक्या.
"म्हंजे तवाबी असाच," एवढंच म्हणाला.

फॉर्मात फ्लॅट, सोसायटी, सेक्टर, नोड, पिनकोड
सगळ्याला जागा आहे.
मी सहीची चौकट दाखवली.
त्याने पेन घट्ट धरला, वल्ह्यासारखा,
आणि सावकाश लिहिलं: जोमा.
मग बापाचं नाव.
मग, कुणी मागितलं नव्हतं तरी, सारसोळे.

'ळे' चौकटीबाहेर गेला,
खालच्या 'फक्त कार्यालयीन उपयोगासाठी'वर.
पर्समध्ये व्हाइटनर होता.
राहू दिला.